खडबडीत रस्त्यावर रोज चालवायची स्पोर्ट्‌स कार कशी निवडावी

एवढ्या खड्ड्यांतून स्पोर्ट्‌स कार घेऊन पस्तावशील, हे मी दोन वेळा ऐकलं. पहिल्या वेळी सांगणारा बरोबर निघाला. गाडी देखणी होती, पण १९ इंची रिम, चपटे टायर आणि चाकांचे धक्के झेलणारं सस्पेन्शन दगडासारखं. चार महिन्यांत दोन टायरना फुगे आले, एक रिम वाकली आणि गाडी बाहेर काढतानाच मला रस्त्याचा धसका बसू लागला. दुसऱ्या वेळी घेतलेली गाडी ताकदीने जवळजवळ निम्मी, वजनाला हलकी आणि १६ इंची चाकांची होती. तीच मी आजही रोज चालवतो, आणि सुट्टीच्या दिवशी काही काम नसलं तरी किल्ली उचलावीशी वाटते.

दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर चालल्या, म्हणून फरक नेमका कुठे होता ते मला कळलं. खराब रस्त्यावर गाडीची मजा तीन गोष्टींवर ठरते: चाकाला वर-खाली व्हायला किती जागा आहे, रिम आणि रस्ता यांच्यामध्ये किती रबर आहे, आणि गाडीचं वजन किती आहे. इंजिनाची ताकद त्यानंतर येते. बहुतेक लोक गाडी बघताना हा क्रम नेमका उलटा लावतात.

आधी आपला रस्ता मोजा

शोरूममध्ये जाण्याआधी एक आठवडा स्वतःच्या रोजच्या रस्त्याकडे नीट बघा. सगळा रस्ता सारखा वाईट नसतो. वीस किलोमीटरच्या वाटेत अठरा ठीकठाक असतात आणि गाडी ठरवायची ती उरलेल्या दोनांवरून. तिथे नेमकं काय आहे ते लिहून ठेवा. तीक्ष्ण कडांचे खड्डे, उंच स्पीडब्रेकर, सुटी खडी, पत्र्यासारखा लहरी-लहरींचा कच्चा रस्ता, पार्किंगचा खडा उतार. प्रत्येक त्रासावर गाडीत वेगळी गोष्ट लागते. तीक्ष्ण खड्ड्यांना टायरची जाड भिंत लागते, उंच स्पीडब्रेकरला पोटाखालची जागा, लहरींच्या रस्त्याला चांगले शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि खड्या उताराला आखूड नाक.

या दोन किलोमीटरांत तुम्ही साधारण कोणत्या वेगाने जाता तेही लिहा. तो वेग चाळीस-पन्नासच्या आसपास असेल, तर त्याच वेगात जिवंत वाटणारी गाडी हवी. दीडशेच्या पुढे गेल्यावरच रंगात येणाऱ्या गाड्याही असतात. त्या रोज झोपलेल्याच राहतात.

गाडीचं पोट, नाक आणि दोन चाकांमधलं अंतर

ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे पोटाखालच्या जागेचा, एकच आकडा बघून निर्णय घेऊ नका. दोन धुरांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, तितकंच महत्त्वाचं आहे. पोटाखाली १३० मिमी जागा आणि २,३१० मिमी व्हीलबेस असेल, तर गाडी सुमारे १३ अंशांचा उंचवटा पोट न घासता ओलांडते. तेवढ्याच उंचीच्या पण २,७०० मिमी व्हीलबेसच्या गाडीला हा कोन ११ अंशांपर्यंत खाली येतो. तिला पहिलीची बरोबरी करायची तर सुमारे २२ मिमी जास्त उंची लागेल. २,३१० मिमी हा माझदा एमएक्स-५ च्या सध्याच्या पिढीचा व्हीलबेस आहे. जमिनीला टेकलेली दिसणारी ही चिमुकली गाडी ज्या स्पीडब्रेकरवरून निघून जाते, तिथे लांबलचक सेडान मधोमध घासते, याचं कारण हेच.

नाकाचा हिशोब वेगळा. पुढच्या चाकापासून बंपरची खालची ओठी किती पुढे आलीय आणि किती खाली आहे, यावर उतार जमणार की नाही ते ठरतं. तपासायला एक सरळ पट्टी पुरते. पट्टीचं एक टोक पुढच्या टायरच्या बुडाशी, जिथे तो जमिनीला टेकतो तिथे ठेवा, आणि पट्टी बंपरच्या सर्वांत खालच्या कडेला टेकवा. तिच्यावर मोबाइल ठेवून कोन वाचा. आता तुमच्या पार्किंगच्या उतारावर मोबाइल ठेवून तिथला कोन वाचा. उताराचा कोन पट्टीच्या कोनापेक्षा दोन-तीन अंशांनी तरी कमी हवा, कारण ब्रेक लावला की नाक खाली झुकतं. दरवेळी तिरकं वळवून चढवू, असं मनाशी ठरवू नका. पहिल्या आठवड्यात ते जमतं, नंतर मागे दुसरी गाडी उभी असते.

काही महागड्या गाड्यांत बटण दाबल्यावर नाक चार-पाच सेंटिमीटर वर उचलणारी व्यवस्था असते. स्पीडब्रेकर आणि उतारासाठी ती खरोखर उपयोगी आहे. खड्ड्यांसाठी तिचा काहीच उपयोग नाही, कारण ती फक्त कमी वेगात चालते.

छताऐवजी ताडपत्रीची, उघडता येणारी टोपी असलेली गाडी बघत असाल, तर आणखी एक तपासणी. छत नसल्याने सांगाडा थोडा पिळवटतो. टोपी उघडून खराब रस्त्यावर चाला आणि आतल्या आरशाकडे बघा. आरशातलं चित्र सतत थरथरत असेल तर रोजच्या वापरात त्याचा कंटाळा येईल.

टायर आणि रिम: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

टायरवर लिहिलेला आकडा वाचता आला की निम्मी निवड झाली. २२५/४० आर१८ म्हणजे टायर २२५ मिमी रुंद, त्याच्या बाजूच्या भिंतीची उंची या रुंदीच्या ४० टक्के, आणि रिम १८ इंची. भिंत झाली ९० मिमी. आता २०५/५५ आर१६ घ्या. २०५ चे ५५ टक्के म्हणजे जवळजवळ ११३ मिमी. दोन्ही चाकांचा बाहेरचा व्यास मात्र जवळपास सारखाच, ६३७ आणि ६३२ मिमी. म्हणजे गाडीची उंची, वेगमापकाचा आकडा, गिअरिंग यांत जाणवण्याजोगा बदल नाही, आणि रिम व खड्ड्याची कड यांच्यामध्ये २३ मिमी जास्त रबर आणि हवा. हे २३ मिमी म्हणजे फुगा आलेला टायर आणि शाबूत टायर यांच्यातलं अंतर.

फुगा येतो कसा, तेही समजून घ्या. चाक खड्ड्याच्या कडेवर आदळतं, टायरची भिंत रिम आणि कड यांच्यात चिमटली जाते आणि आतले धागे तुटतात. बाहेरचं रबर शाबूत दिसतं, पण तुटलेल्या जागी हवा भिंतीला बाहेर ढकलते. असा टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो.

म्हणून माझा साधा नियम: एकाच गाडीची दोन-तीन व्हर्जन असतील, तर सर्वांत लहान रिमचं घ्या. ती बहुधा खालची, स्वस्त ट्रिम असते आणि तिचे फोटो जाहिरातीत नसतात. मोठ्या रिमची गाडीच आवडली असेल तर रिम लहान करता येतात, पण आधी दोन गोष्टी बघा. लहान रिममध्ये ब्रेकचं कॅलिपर, म्हणजे चकतीला आवळून धरणारा भाग, बसलं पाहिजे, आणि नव्या टायरचा भारक्षमतेचा व वेगाचा दर्जा कंपनीने सांगितलेल्यापेक्षा कमी नको.

अरुंद टायरने पकड कमी होईल, ही भीती बहुतेकांना वाटते. कोरड्या, गुळगुळीत रस्त्यावर थोडी होते. पण पकडीची मर्यादा लवकर, हळुवारपणे आणि कमी वेगात जाणवते, आणि मजा तिथेच असते. २०१२ साली आलेल्या टोयोटा जीटी८६ ला म्हणूनच मुद्दाम २१५ मिमी रुंदीचे, साध्या प्रवासी गाडीला शोभतील असे टायर दिले होते. वळणावर गाडी काय सांगतेय ते चालकाला समजावं, हा हेतू होता. रोजच्या रस्त्यावर हा विचार फार उपयोगी पडतो.

रनफ्लॅट टायरपासून मात्र जपून. पंक्चर झाल्यावरही ते साधारण ८० किमी अंतर ८० च्या वेगाने जाऊ शकतात, पण त्यासाठी त्यांची भिंत मुद्दाम ताठ बनवलेली असते. हा ताठपणा प्रत्येक खड्ड्यात पाठीला कळतो. वर या गाड्यांच्या डिकीत बहुधा स्टेपनी नसते. स्टेपनीऐवजी नुसतं पंक्चर किट असेल तर त्याचाही विचार करा. नक्षीत घुसलेल्या खिळ्याला ते चालतं, फाटलेल्या भिंतीला नाही. खराब रस्त्यावर फाटते ती भिंतच.

सस्पेन्शन: कागदावर न दिसणारी गोष्ट

कडक म्हणजे स्पोर्टी, हा समज गुळगुळीत ट्रॅकवरून आला. खडबडीत रस्त्यावर कडक गाडी पकड गमावते, कारण चाक उंचवट्यावरून उडतं आणि हवेत असलेलं चाक ना वळवतं ना थांबवतं. रॅलीच्या, म्हणजे खडी-मातीच्या रस्त्यांवरच्या शर्यतींच्या गाड्या नीट बघा. खडीवर त्यांचं सस्पेन्शन लांब आणि मवाळ असतं, तरी त्या ज्या वेगाने जातात तो आपल्या कल्पनेबाहेरचा असतो. स्प्रिंग मवाळ, शॉकअ‍ॅब्सॉर्बर मात्र तिची उसळी नीट आवरणारा, हे जुळून आलं की गाडी खड्डा गिळते आणि लगेच स्थिर होते.

हलकी गाडी इथे बाजी मारते. वजन कमी असलं की तोच आवर ठेवायला मवाळ स्प्रिंग पुरते. जड गाडीला झुलू नये म्हणून कडक करावं लागतं, मग रुंद टायर लागतात, मग मोठे ब्रेक, मग ते मावायला मोठ्या रिम. जड इलेक्ट्रिक स्पोर्ट्‌स गाड्यांत हे चक्र स्पष्ट दिसतं. ती घेणार असाल तर बॅटरीच्या खालच्या संरक्षक पत्र्याची जाडी आणि तो बदलण्याचा खर्च आधी विचारा.

बटणावर बदलणारं सस्पेन्शन घ्यावं का? घ्यावं, पण एक लक्षात ठेवून: बहुतेक गाड्यांत बटणाने शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा ताठपणा बदलतो, स्प्रिंग तीच राहते. मूळ स्प्रिंगच कडक असेल तर कम्फर्ट मोडमध्येही पाठ सुटत नाही. शिवाय असा एक शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलण्याचा खर्च साध्याच्या कितीतरी पट असतो. तो आकडा सौदा होण्याआधी लेखी मागा.

गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग लावू नका. हे मी अगदी कळकळीने सांगतो. ३० मिमी खाली आलेल्या गाडीत चाकाची वरची हालचाल तेवढीच कमी होते आणि खड्ड्यात सस्पेन्शन हालचाल संपते तिथल्या, शेवटच्या रबरावर आदळू लागतं. इंजिनीयरांनी जुळवलेला तोल एका दुपारी निघून जातो.

इंजिन आणि ड्राइव्ह

यावर थोडक्यात. कमी आरपीएमला ओढणारं इंजिन खड्ड्यांच्या रस्त्यावर बरं, कारण सतत वेग कमी-जास्त होतो. सुटी खडी, चिखल, बर्फ असेल तर चारही चाकांना ताकद देणारी गाडी निघताना आणि वळणातून बाहेर पडताना मोठा आधार देते. थांबताना ती काहीच मदत करत नाही, तिथे फक्त टायर कामाला येतात. नुसते खड्डे असतील तर दोन चाकांची ड्राइव्ह पुरते. तिचं वजन कमी आणि देखभालही कमी.

कोणत्या घराण्यातली गाडी?

रोजच्या खराब रस्त्याला सर्वांत सहज जुळणारं घराणं म्हणजे हॉट हॅचबॅक. फोक्सवॅगनने १९७६ साली गोल्फ जीटीआय विक्रीला आणली तेव्हा ती सुमारे ११० अश्वशक्तीची आणि ८०० किलोंच्या आसपास होती. साध्या कुटुंबाच्या गाडीतच चांगलं इंजिन आणि नेटकं सस्पेन्शन घातलेलं. आजच्या हॅचबॅक बऱ्याच जड झाल्या, तरी पाया तोच आहे: रोजच्या वापरासाठी आखलेला साधा सांगाडा, मागे सीट, मोठी डिकी आणि कुठेही मिळणारे टायर.

दुसरं घराणं रॅलीचं. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स आणि मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन या दोन्ही १९९२ मध्ये आल्या, त्यांचा जन्मच खडी आणि चिखलासाठी. सुबारूने १९९५ ते १९९७ सलग तीन वर्षं जागतिक रॅलीचं उत्पादकांचं विजेतेपद घेतलं. लान्सर चालवणाऱ्या टॉमी माकिनेनने १९९६ ते १९९९ सलग चार वर्षं चालकांचं. या गाड्या आता जुन्या बाजारातच मिळतात आणि बऱ्याच जणांनी त्या कसोशीने दामटलेल्या असतात, त्यामुळे तपासणी दुप्पट करा. नव्यांत टोयोटाची २०२० ची जीआर यारिस याच वंशातली: १.६ लिटर, तीन सिलिंडर, चारही चाकांना ताकद आणि वजन सुमारे १,२८० किलो. तिचे टायर मात्र २२५/४० आर१८, म्हणजे वरच्या हिशोबातली ९० मिमीची भिंत. तीक्ष्ण खड्ड्यांच्या रस्त्यावर हे ध्यानात ठेवा.

हलक्या दोन सीटच्या गाड्या माझ्या मनाच्या सर्वांत जवळच्या. एमएक्स-५, किंवा २०१७ साली परत आलेली आल्पाइन ए११०. आल्पाइनचं वजन १,१०० किलोंच्या आसपास आहे. तिच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या शेवटच्या टप्प्यात रबराच्या आदळण्याऐवजी तेलाचा दाब चाकाला हळूच थांबवतो, म्हणून स्प्रिंग मवाळ ठेवता आली. उंची कमी असूनही ती उखडलेल्या रस्त्यावरून ज्या सहजतेने जाते ते बघण्यासारखं आहे.

उंच केलेल्या सुपरकारही आता निघाल्या. २०२२ मध्ये दाखवलेली पोर्शे ९११ डकार नेहमीच्या स्पोर्ट सस्पेन्शनच्या ९११ पेक्षा ५० मिमी उंच आहे आणि तिच्या पुढच्या टायरची भिंत ११० मिमी आहे. एकूण २,५०० गाड्याच बनणार होत्या, म्हणून घेण्याचा विचार थोड्यांचाच. पण तिच्याकडून शिकायला मिळतं: खराब रस्त्यासाठी गाडी आखताना त्या इंजिनीयरांनी उंची आणि टायरची भिंत यांनाच हात घातला.

ताकदवान एसयूव्हीची आठवण अनेक जण करून देतील. पोट घासत नाही हे खरं. पण वजन उंचावर असतं, ते आवरायला सस्पेन्शन कडक करतात आणि २१ इंची रिम लावतात. मग खड्डा पुन्हा तसाच लागतो.

चाचणी: स्वतःच्या रस्त्यावर, तीन वेगांत

विक्रेता नेतो तो रस्ता नेहमी गुळगुळीत असतो. आधीच सांगून ठेवा की तुम्हाला तुमच्या त्या दोन किलोमीटरांवर जायचं आहे. नकार मिळाला तर दुसरीकडे जा.

निघण्याआधी चारही टायरची हवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेल्या दाबाशी जुळवून घ्या. चाचणीच्या गाडीत ती अनेकदा कमी किंवा जास्त असते आणि सगळा अंदाज चुकतो. रेडिओ बंद, काचा वर.

एकच खराब पट्टा २०, ४० आणि ६० च्या वेगाने पार करा. चांगली गाडी ४० ला २० पेक्षा फार वाईट वाटत नाही, आणि ६० ला तर थोडी सावरते. आवाज ऐका. जाड, बंद, 'धप्प' असा आवाज म्हणजे सस्पेन्शन काम करतंय. कोरडा 'टण्' असा आवाज आणि पाठोपाठ कण्यात हादरा, म्हणजे हालचाल संपून गाडी रबरावर आदळली. स्पीडब्रेकर ओलांडल्यावर गाडी एकदा वर येऊन बसली पाहिजे. दोन-तीन झोके घेत असेल तर शॉकअ‍ॅब्सॉर्बर थकलेले आहेत.

मग मुद्दाम फक्त डावं चाक खड्ड्यातून न्या. डोकं बाजूला फेकलं जातं का बघा. स्टीअरिंग हातात झटका देतं का, की फक्त खड्डा होता एवढं सांगतं? सर्वांत महत्त्वाची परीक्षा वळणातल्या उंचवट्याची. मध्यम वेगात, ब्रेक न लावता, मोकळ्या रस्त्यावर वळण घेताना उंचवटा लागला की वाईट गाडीचा मागचा भाग बाजूला उडी मारतो. चांगली गाडी श्वास घेतल्यासारखी वर-खाली होते आणि रेषा सोडत नाही. ही एक गोष्ट आवडली तर बाकीचं बरंच मी माफ करतो.

शेवटी घरी रोज बसणाऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि काहीही न विचारता पंधरा मिनिटं चालवा. गप्पा चालू राहिल्या तर गाडी पास.

सेकंडहँड असेल तर खालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

गाडी लिफ्टवर घ्यायला लावा आणि स्वतः टॉर्च घेऊन खाली उभे राहा. ऑइल चेंबरवर, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यावर, ओरखडे असतील तर चालतील, पण चेपलेला खळगा किंवा वेल्डिंगची रेघ असेल तर थांबा. खालचं प्लॅस्टिकचं आवरण जागेवर आहे का, त्याचे स्क्रू कंपनीचे आहेत की तारेने बांधलंय? जॅक लावायच्या जागा आणि दाराखालच्या कडा चेपल्या असतील तर गाडी खूप वेळा घासलेली आहे.

रिम नेहमी आतल्या बाजूने बघा. बाहेरून पॉलिश करून दिलेली रिम आतल्या कडेला सपाट झालेली असते, आणि चीर पडते तीही तिथेच. टायरच्या आतल्या भिंतीवरून तळहात फिरवा, फुगा डोळ्यांआधी हाताला लागतो. टायरवरचा चार आकडी शिक्काही वाचा: ३४२२ म्हणजे २०२२ सालच्या ३४ व्या आठवड्यात बनलेला. शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर ओलसर तेल, स्प्रिंगचा खालचा वेढा तुटलेला, सांध्यांमधले रबरी बुश फाटलेले, चाक वळवणाऱ्या गोल सांध्याचं म्हणजे बॉलजॉइंटचं रबर चिरलेलं, हे सगळं बदलता येतं. त्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्या. बॉनेट उघडून शॉकअ‍ॅब्सॉर्बरचं वरचं टोक जिथे बसतं तो पत्रा मात्र नीट बघा. तिथे तडा किंवा नवा रंग असेल तर ती गाडी सोडून द्या.

घेतल्यावरचे पहिले तीन महिने

ऑइल चेंबरखाली धातूचा संरक्षक पत्रा बसवून घ्या. त्याला हवा जायला जागा आणि तेल काढायला भोक असलेला निवडा, नाहीतर इंजिन तापतं आणि प्रत्येक सर्व्हिसला तो उतरवावा लागतो. हवा दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना तपासा. गाडी मऊ चालावी म्हणून हवा कमी ठेवण्याचा मोह होतो, पण तेव्हा भिंत सहज चिमटली जाते आणि फुगे वाढतात.

खड्डा टाळता येणार नसेल तर आधी ब्रेक लावा आणि कड येण्याच्या क्षणी सोडा. ब्रेक दाबलेला असताना पुढचं सस्पेन्शन आधीच दबलेलं असतं आणि धक्का घ्यायला जागाच उरत नाही. ही सवय लागायला आठवडा लागतो.

पहिल्याच आठवड्यात चारही टायरच्या नक्षीची खोली आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला मोजून वहीत लिहून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. आतली कड बाहेरच्यापेक्षा लवकर झिजत असेल, किंवा सरळ रस्त्यावर स्टीअरिंग किंचित तिरकं धरावं लागत असेल, तर कुठल्यातरी खड्ड्याने अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा आणि कोन, बिघडवलंय. आधी बुश आणि बॉलजॉइंट तपासून घ्या, मगच अलाइनमेंट करा. सैल सांध्यांवर केलेलं अलाइनमेंट पुढच्याच खड्ड्यात जातं.